लांब धावायचे बूट: किंमत किलोमीटरवर मोजा, आराम पायावर

अमरावतीच्या वडाळी तलावाकडे किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या परिसरात पहाटे धावणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्यात भरतीची तयारी करणारी मुलंमुली आहेत, साखर किंवा वजन आटोक्यात आणायला निघालेली चाळिशी-पन्नाशीतली मंडळी आहेत आणि पाच-दहा किलोमीटरवरून २१ किलोमीटरच्या अर्धमॅरेथॉनकडे वळलेले हौशी धावपटूही आहेत. धावणं वाढलं की पहिला खर्च येतो तो बुटांचा, आणि तो बहुतेक वेळा अंदाजानेच होतो. कुणी मित्राने घेतले तेच घेतो, कुणाला दुकानदार सर्वांत महाग जोड दाखवतो, तर कुणी घरातल्या कॉलेजच्या बुटांवरच दहा किलोमीटर धावतो आणि महिन्याभरात टाच धरून बसतो.

एक किलोमीटर धावताना साधारण हजार-अकराशे पावलं पडतात, आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. दहा किलोमीटरमध्ये हे दहा हजारांहून अधिक वेळा घडतं. दोन किलोमीटरपर्यंत जाणवत नाही अशी बारीकशी अडचण बाराव्या किलोमीटरला फोड किंवा काळं पडलेलं नख बनते. म्हणून लांब अंतराच्या बुटांकडून दोनच अपेक्षा ठेवायच्या: शेवटच्या किलोमीटरपर्यंत पाय आरामात राहावा आणि घातलेल्या पैशांत पुरेसे किलोमीटर मिळावेत.

आधी पाय मोजा

दुकानात जाण्यापूर्वी घरी पाच मिनिटं काढा. मोजमाप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि लांब धावतानाही तसाच फुगतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन द्या आणि सर्वांत लांब बोटासमोर खूण करा. अनेकांचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं, तेव्हा तेच मोजा. मग चवड्याची सर्वांत रुंद जागा मोजा. दोन्ही पायांची मापं घ्या आणि मोठ्या पायाचं माप धरा. बुटाची आतली लांबी या मापापेक्षा एक ते सव्वा सेंटिमीटरने जास्त हवी. लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा, हा त्याचा सोपा अंदाज.

रुंदीकडे आपल्याकडे फारसं कुणी पाहत नाही, आणि बहुतेक त्रास तिथूनच सुरू होतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पायांची मापं घेतली. भारतीयांचे पाय युरोपीय आणि अमेरिकन पायांपेक्षा सरासरीने रुंद असल्याचं त्यात दिसलं. दुकानात मात्र बहुतेक जोड यूके मापांवरच मिळतात. पुढे आवळलं की आपण एक नंबर मोठा घेतो. त्याने लांबी वाढते, टाच सैल होते आणि पाय आत घसरत राहतो. यावर उपाय नंबर वाढवण्याचा नाही, रुंद साचा मागण्याचा आहे. काही कंपन्या एकाच नंबरात रुंद बूट काढतात. खोक्यावर ‘वाइड’ किंवा ‘टू-ई’ अशी खूण असते. ती मागून घ्या.

यूके सात नंबर सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. जिभेच्या आतल्या चिठ्ठीवर सेंटिमीटरमधला आकडा असतो, तो आपल्या मापाशी ताडून पाहा. बाळंतपणानंतर काहींचा पाय कायमचा थोडा वाढतो, तेव्हा जुन्या नंबरावर विसंबू नका.

दुकानातली दहा मिनिटं

ज्या मोज्यांवर धावता तेच घालून संध्याकाळी दुकानात जा. दोन्ही बूट घाला, लेस बांधा आणि उभं राहून तपासा, कारण बसल्या जागी प्रत्येक बूट बरा वाटतो. पुढचं क्रमाने पाहा.

आतली गादी बाहेर काढून तिच्यावर अनवाणी उभे राहा. चवडा किंवा करंगळी गादीच्या कडेबाहेर जात असेल तर तो बूट तुमच्यासाठी अरुंद आहे.

बूट हातात धरून वाकवा. तो चवड्यापाशी, म्हणजे बोटं जिथे वळतात तिथे वाकला पाहिजे. मधोमध दुमडणारा बूट लांब पल्ल्याला आधार देत नाही.

पायात घालून दुकानासमोर थोडं धावा. बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत. टाच वर सरकते का, घोट्याच्या हाडाला कड लागते का आणि आत एखादी शिवण टोचते का, ते बघा. टाच किंचित सरकत असेल तर शेवटच्या जादा छिद्रातून लेस ओवून पाहा. तरीही सरकली तर दुसरा जोड मागा.

‘दोन दिवसांत सैल होतो’ असं कुणी सांगितलं तर तो जोड तिथेच ठेवा. चामड्याची चप्पल पायाप्रमाणे वळते. धावायच्या बुटाचा साचा बदलत नाही, आणि पहिल्या मिनिटाला टोचणारी जागा पंधराव्या किलोमीटरला फोड आणते.

महाग बूट जास्त आरामदायी असतो का?

हा प्रश्न संशोधकांनी थेट तपासला आहे. स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठातल्या गटाने २००८ साली एकाच कंपनीच्या स्वस्त, मध्यम आणि महाग बुटांची तुलना केली आणि अशा तीन कंपन्या घेतल्या. त्यांची किंमत ४० ते ७५ पौंडांच्या दरम्यान होती. तळव्यावर पडणारा दाब सांभाळण्यात स्वस्त आणि मध्यम बूट महाग बुटांइतकेच चांगले ठरले. आरामाचा किमतीशी संबंध आढळला नाही. तो माणसागणिक वेगळा निघाला.

कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाचे बेन्नो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये याच दिशेने मांडणी केली. धावपटूने स्वतःला सर्वांत आरामदायी वाटणारा बूट निवडावा, कारण शरीर आपली चाल त्यातून ओळखतं, असं त्यांचं म्हणणं आहे. ओल्या पावलाचा ठसा पाहून ‘सपाट पायाला हा बूट, उंच कमानीला तो’ असं सांगण्याची पद्धत अजून चालते. अमेरिकी सैन्यातल्या प्रशिक्षणार्थींना कमानीनुसार बूट देऊन पाहिले, तेव्हा दुखापती घटल्या नाहीत. म्हणून केवळ ठसा पाहून तीन हजार रुपये जादा मोजू नका. एखादं दुखणं पंधरवड्याहून जास्त टिकलं तर नवा जोड घेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टकडे जा. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल तर ‘आरामदायी वाटतं’ या कसोटीवर भरवसा ठेवू नका. आधी डॉक्टरांना पाय दाखवा आणि रोज धावून आल्यावर तळवे तपासा.

किती पैशांत काय मिळतं

खालचे आकडे बाजारातले ढोबळ पट्टे आहेत. सवलतीच्या दिवसांत ते खाली येतात.

५०० ते १,२०० रुपये: पातळ सोलचे हलके बूट. मैदानावर छोट्या वेगवान फेऱ्यांसाठी ठीक, रोजच्या लांब धावण्यासाठी नाहीत.

१,५०० ते २,५०० रुपये: देशी कंपन्यांचे आणि क्रीडासाहित्याच्या मोठ्या साखळी दुकानांचे सुरुवातीचे बूट. आठवड्याला १५-२० किलोमीटरपर्यंत आरामात पुरतात, त्याहून जास्त धावलात तर लवकर थकतात.

३,००० ते ५,५०० रुपये: नावाजलेल्या कंपन्यांचे साधे रोजचे बूट. अर्धमॅरेथॉनपर्यंतच्या बहुतेक धावपटूंचं काम इथेच भागतं.

६,००० ते ११,००० रुपये: जास्त टिकाऊ फोम, चांगली पकड, रुंद साच्याचे पर्याय. आठवड्याला ४० किलोमीटरच्या पुढे जाणाऱ्यांनी विचार करावा.

१२,००० ते १६,००० रुपये: जाड गादीचे बूट. पूर्ण मॅरेथॉनची, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची तयारी करणाऱ्यांना उपयोगी, बाकीच्यांना गरजेचे नाहीत.

१७,००० रुपयांच्या पुढे: कार्बनची पट्टी असलेले शर्यतीचे बूट. वेळ कमी करण्यासाठी बनवलेले. रोजच्या सरावाला वापरू नयेत.

कराचा एक फरक ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे आणि त्यापुढे १८ टक्के. त्याआधी हजार रुपयांच्या पुढे सरसकट १८ टक्के होता. करापूर्वी २,००० रुपयांचा जोड आधी २,३६० ला पडत होता, तो आता २,१०० ला पडायला हवा. जुन्या छापील किमतीचा माल दाखवला तर कमी झालेला दर लावून मागा.

खरा हिशेब किलोमीटरचा

बुटाच्या तळाचा फोम दाबून दाबून मरतो. साधारणपणे एक जोड ५०० ते ८०० किलोमीटर चालतो. स्वस्त आणि फार हलके जोड त्याआधीच थकतात. १,५०० रुपयांचा जोड ३०० किलोमीटर टिकला असं धरलं तर किलोमीटरला ५ रुपये पडतात. ४,००० चा जोड ६०० किलोमीटर चालला तर ६ रुपये ६७ पैसे. ८,००० चा ८०० चालला तर १० रुपये. २०,००० चा शर्यतीचा जोड ४०० किलोमीटरवर संपला तर किलोमीटरला ५० रुपये.

आता वर्षाचं बघू. आठवड्याला २५ किलोमीटर, वर्षात ५० आठवडे, म्हणजे १,२५० किलोमीटर. ४,००० चे दोन जोड ८,००० रुपये आणि अडीचशेचे तीन मोजे ७५० रुपये, एकूण ८,७५०. किलोमीटरला बरोबर ७ रुपये आणि महिन्याला साधारण ७३० रुपये.

दोन जोड एकापाठोपाठ संपवण्यापेक्षा आलटून पालटून वापरा. लक्झेंबर्गमध्ये २६४ धावपटूंवर २२ आठवडे केलेल्या पाहणीत एकाहून जास्त जोड आलटून पालटून वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी आढळला. दोन वेगळ्या बुटांमध्ये पायावरचा भार थोडा वेगवेगळ्या जागी पडतो, हे त्याचं संभाव्य कारण. घामाने किंवा पावसाने भिजलेला जोड वाळायलाही वेळ मिळतो. ८,००० च्या एका जोडापेक्षा चार-चार हजारांचे दोन जोड, हा मध्यम खर्चातला सर्वांत शहाणा निर्णय आहे.

मोज्यांवर कंजूषपणा नको. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि ओल्या कातडीवर फोड लवकर येतात. धावायचे कृत्रिम धाग्याचे मोजे १५० ते ४०० रुपयांत मिळतात.

आपले रस्ते, आपलं ऊन, आपली काळी माती

बुटांची जाहिरात थंड देशातल्या स्वच्छ रस्त्यावर होते. आपण धावतो ते सिमेंटचे शहरी रस्ते, डांबरी वळणरस्ते, मुरुमाच्या कडा आणि शेतशिवाराच्या वाटांवर. सिमेंटवर रोज धावणाऱ्याने गादी थोडी जाड घ्यावी आणि आठवड्यातून दोनदा तरी मातीच्या मैदानावर जावं. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला. तो गुळगुळीत रस्ता धावायला मोह पाडतो. पण भरधाव वाहनांच्या महामार्गावर सराव करू नका. बूट कितीही चांगला असला तरी तिथे जीव जातो.

वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. वरचं कापड जाळीदार आणि हवा खेळती ठेवणारं घ्या. पाणी रोखणारे बूट आपल्याकडे पैसे वाया घालवतात, कारण आतला घाम बाहेर पडत नाही. गाडीच्या डिक्कीत किंवा गच्चीवर उन्हात बूट ठेवू नका. तापून डिंक सुटतो आणि फोमचं आयुष्य घटतं.

पावसाळ्यात काळी माती तळाला थराने चिकटते आणि प्रत्येक पाऊल जड होतं. ओला चिखल घासून काढायला जाऊ नका. पूर्ण वाळू द्या, मग जुन्या ब्रशने झाडा. आतली गादी आणि लेस काढून बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि सावलीत वाळवा. वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. शेवाळलेल्या सिमेंटवर गुळगुळीत तळ घसरतो, तेव्हा तळाला पुरेसा रबर आणि खाचा आहेत का ते खरेदीच्या वेळीच बघा. चिखलदऱ्याच्या जंगलवाटांवर वरचेवर जाणार असाल तरच खोल खाचांचा वेगळा जोड घ्या.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी

पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. राज्य राखीव दलासाठी पाच किलोमीटर. चाचणी छोटी असली तरी सराव रोज सहा-आठ किलोमीटरचा होतो. आठवड्याला ३६ किलोमीटर धरले तर पाच महिन्यांत सातशेच्या वर. हा सगळा सराव पाचशे-सातशेच्या पातळ सोलवर रस्त्यावर केला की नडगी दुखायला लागते, आणि ऐन ग्राउंडच्या तोंडावर आठवडे वाया जातात. दोन हजार ते अडीच हजारांचा एक गादीचा जोड रोजच्या धावण्याला ठेवा आणि हलका जोड फक्त मैदानावरच्या वेगाच्या फेऱ्यांना घाला. दोन्ही मिळून तीन हजारांच्या आसपास होतात. खुराकाच्या खर्चातून वाचवलेले पैसे बुटात घालू नका, दोन्ही लागतात.

धावण्याची ढब जाणत्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. १९१४ साली स्थापन झालेलं आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवायला पथक नेणारं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीतच आहे. तिथून शारीरिक शिक्षण घेऊन बाहेर पडलेले शिक्षक वऱ्हाडभर शाळा-कॉलेजांत भेटतात. चाल पाहून त्यांनी दिलेला सल्ला जाहिरातीपेक्षा जास्त कामाचा असतो.

कुठून घ्यावेत

पहिला जोड शहरातल्या दुकानातून, पायात घालून घ्या. दुकानात थोडे जास्त पैसे गेले तरी चुकीचं माप टळतं. अमरावतीत राजकमल-जयस्तंभ चौकाच्या परिसरात आणि अकोल्यात गांधी रोड-टिळक रोडच्या बाजारात एका फेरीत दोन-तीन दुकानं बघून होतात. जास्त पर्याय हवे असतील तर नागपूर आहे, पण प्रवासाचा खर्च जोडाच्या किमतीत धरा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेवढी बचत होते. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा आणि त्याच नंबराचा पुढचा जोड ऑनलाइन घ्यायला हरकत नाही. घरी आल्यावर स्वच्छ फरशीवर पंधरा-वीस मिनिटं घालून चाला. चिठ्ठी आणि खोकं फेकू नका, नाहीतर परत करताना अडचण येते.

गेल्या वर्षीचं मॉडेल बऱ्याच सवलतीत मिळतं आणि नव्यात बहुधा रंगाहून फार वेगळं काही नसतं. मात्र खोक्यावरचा उत्पादनाचा महिना-वर्ष पाहा. दोन-तीन वर्षं दुकानात पडून राहिलेल्या बुटाचा डिंक आणि फोम वापराआधीच कमकुवत झालेला असतो.

‘फर्स्ट कॉपी’ घेऊ नका. दीड-दोन हजारांत नावाजलेल्या कंपनीची खूण मिळते, आतला फोम मिळत नाही. तेवढ्याच पैशांत देशी कंपनीचा खरा बूट जास्त धावतो. ओळख पटवायची तर जिभेवरच्या चिठ्ठीतला मॉडेल क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहा.

बिल घ्या, हक्क राखा

छापील कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका, आणि पक्कं बिल घ्याच. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलेलं असलं तरी सदोष मालाला ते लागू होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष वस्तू बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही तसंच. महिन्याभरात सोल सुटला तर फोटो काढा, दुकानदार आणि कंपनी दोघांना लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते. बूट मात्र वापराने झिजला असेल तर तो दोष धरला जात नाही.

कधी बदलायचे

आतल्या बाजूला खरेदीची तारीख पेनाने लिहून ठेवा आणि किलोमीटरची नोंद ठेवा. वरून बूट नवा दिसत असला तरी तळाच्या फोमवर आडव्या सुरकुत्या पडल्या, सपाट टेबलावर ठेवल्यावर तो एका बाजूला कलला, किंवा पूर्वी न दुखणारी टाच आणि गुडघा धावल्यानंतर दुखायला लागले, तर तो धावण्यातून काढा. चालायला आणि बाजाराला तो अजून वर्षभर चालेल.

शर्यतीसाठी नवा जोड घ्यायचा असेल तर तीन-चार आठवडे आधी घ्या आणि त्यात निदान एक लांब धाव पूर्ण करा. शर्यतीच्या दिवशी कोरा बूट घालू नका.

शेवटी थोडक्यात हिशेब. तीन हजार असतील तर अडीच हजारांच्या आतला एक गादीचा जोड आणि दोन चांगले मोजे. साडेपाच हजार असतील तर साडेचार हजारांचा रोजचा जोड आणि तीन मोजे, उरलेले पुढच्या जोडासाठी बाजूला. नऊ हजार असतील तर चार-चार हजारांचे दोन वेगळे जोड आणि मोजे. याहून जास्त खर्च करण्यापूर्वी स्वतःला एकच गोष्ट विचारा: आत्ताच्या बुटात पाय नेमका कुठे दुखतो? त्याचं नेमकं उत्तर देता आलं तरच जास्तीचे पैसे खर्च करा, आणि जो बूट ते दुखणं घालवतो त्याच बुटावर.